खरेदी बिलांच्या मंजुरीचं ऑटोमेशन: नियम बदलले तरी काम अडू नये म्हणून काय करावं

३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेची ५६ वी बैठक झाली आणि २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू झाले. मध्ये जेमतेम १९ दिवस. वाहनांच्या सुट्या भागांवरचा २८ टक्के कर १८ वर आला, कोरुगेटेड खोक्यांवरचा १२ टक्के कर ५ वर आला, स्टील होतं तिथंच १८ वर राहिलं. ज्या सिस्टीममध्ये करदर तारखेसह तक्त्यात ठेवलेले असतात, तिथं असा बदल म्हणजे अकाउंट्समधल्या माणसाने तक्त्यात नव्या ओळी घालण्याचं काम. जिथं २८ आणि १२ हे आकडे प्रोग्रामच्या पोटात लिहून ठेवलेले असतात, तिथं डेव्हलपरला फोन करून वाट बघत बसावं लागतं आणि तोवर बिलं साचत जातात.

ऑटोमेशन लवचिक असणं म्हणजे काय, ते या एका उदाहरणात जवळपास सगळं आलं. जे वारंवार बदलतं ते वेगळं काढायचं आणि ज्यांना त्यातलं कळतं त्यांच्या हातात द्यायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच कामासाठी आहेत.

उदाहरणासाठी भोसरी-चाकण पट्ट्यातला सुटे भाग बनवणारा एक मध्यम कारखाना धरू आणि त्यातली एकच प्रक्रिया घेऊ: पार्टीचं, म्हणजे माल पुरवणाऱ्याचं, बिल आल्यापासून पैसे जाईपर्यंत. ऑटोमेशनचं साधन पॉवर ऑटोमेट असो, झोहो क्रिएटर असो, एनएटएन असो की कॅमुंडा, विचार करायची पद्धत तीच राहते.

पायरी १: आधी अडकलेली बिलं बघा

सुरुवात फ्लोचार्टपासून करू नका. मीटिंगमध्ये काढलेला फ्लोचार्ट नेहमी सरळ असतो: बिल आलं, पीओशी (खरेदी ऑर्डरशी) जुळलं, स्टोअरच्या जीआरएनशी (माल मिळाल्याच्या नोंदीशी) जुळलं, साहेबांनी मंजूर केलं, टॅलीत चढलं. असं सरळ जाणारं बिल कोणतीही सिस्टीम सांभाळते.

त्याऐवजी अकाउंट्सकडून मागच्या दोन-तीन महिन्यांतली अडकलेली, परत पाठवलेली, फोनाफोनी करावी लागलेली बिलं मागा. प्रत्येकापुढे एका ओळीत कारण लिहा. थोड्याच वेळात तीच तीच कारणं दिसायला लागतील. दर पीओपेक्षा वेगळा. माल आला पण इन्स्पेक्शन बाकी. अर्धाच माल आला, बिल पूर्ण. रात्रीच्या पाळीत मशीन बंद पडलं म्हणून मेंटेनन्सवाल्याने पीओशिवाय काँटॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणला. मंजुरी देणारे साहेब परदेशात. वजनात फरक.

सिस्टीम कुठं वाकली पाहिजे ते ही यादी सांगते, म्हणून ती नीट करायला दोन दिवस गेले तरी जाऊ द्या. गेटवर इनवर्ड नोंद करणारा आणि स्टोअरमधला माणूस या दोघांशी बोलल्याशिवाय ती पूर्ण झाली असं समजू नका. व्यवस्थापकाला ठाऊक नसलेल्या निम्म्या गोष्टी त्यांना ठाऊक असतात.

पायरी २: बदलणारं आणि टिकणारं वेगळं काढा

आता एका कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे पाच वर्षांनीही राहील ते: बिल येतं, तपासलं जातं, मंजूर होतं, नोंदवलं जातं, पैसे जातात. उजवीकडे वर्षभरात बदलू शकेल ते: करदर, मंजुरीच्या रकमेच्या मर्यादा, कोण मंजूर करतं, किती फरक चालतो, कुठली कागदपत्रं लागतात, किती दिवसांत पैसे द्यायचे.

उजवीकडची यादी लांब झाली तर बिचकू नका, कारण यातलं काय काय बदलतं त्याला इतिहास आहे. ई-इन्व्हॉइसची (सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या बिलाची) सक्ती १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांपासून सुरू झाली आणि १००, ५०, २०, १० कोटी अशी उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. तीन वर्षांत सहा टप्पे. म्हणजे ‘या पार्टीच्या बिलावर आयआरएन (ई-इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड हवा का?’ या एकाच प्रश्नाचं उत्तर त्या काळात कितीतरी पार्ट्यांसाठी बदललं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, त्यात टीडीएसच्या कलमांचे क्रमांकही वेगळे आहेत. प्रोग्राममध्ये ‘१९४क्यू’ (जुन्या कायद्यातलं माल खरेदीवरच्या टीडीएसचं कलम) असं ठिकठिकाणी लिहिलेलं असेल, तर ते शोधत बसण्याची वेळ तेव्हाच येते.

डावीकडचं फ्लोमध्ये, म्हणजे साधनात बांधलेल्या पायऱ्यांच्या साखळीत, जाईल. उजवीकडचं सगळं तक्त्यात.

पायरी ३: नियम तक्त्यात, आणि प्रत्येक ओळीला तारीख

इथं सर्वात जास्त वेळ द्या, कारण पुढचा बहुतेक त्रास इथंच वाचतो.

करदराच्या तक्त्यात एचएसएन (मालाच्या प्रकाराचा कोड), दर, ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ असे चार रकाने हवेत. दर बदलला की जुनी ओळ पुसायची नाही. तिच्या ‘कधीपर्यंत’मध्ये २१ सप्टेंबर २०२५ टाकायचं आणि २२ सप्टेंबरपासूनची नवी ओळ घालायची. जुन्या बिलावरची क्रेडिट नोट डिसेंबरमध्ये आली तर तिला जुनाच दर लागतो, आणि तो तक्त्यात सापडला पाहिजे.

मग प्रश्न उरतो, कोणती तारीख बघायची? नवखे लोक इथं हमखास बिल सिस्टीममध्ये चढवल्याची तारीख घेतात. एक बिल डोळ्यासमोर आणा. माल २० सप्टेंबरला गेटवर आला, बिलावर तारीख २० सप्टेंबर, दर २८ टक्के. स्टोअरने जीआरएन केलं २४ ला, अकाउंट्सने बिल चढवलं २६ ला, पैसे गेले ऑक्टोबरमध्ये. चढवल्याची तारीख धरणारी सिस्टीम म्हणेल, दर चुकला, १८ हवा. बिल मात्र बरोबर आहे. दर बदलतो तेव्हा सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याच्या कलम १४ प्रमाणे तीन गोष्टी बघतात: माल कधी दिला, बिल कधी काढलं, पैसे कधी मिळाले. तीनपैकी दोन ज्या बाजूला, त्या बाजूचा दर. इथं माल आणि बिल दोन्ही जुन्या बाजूला आहेत, म्हणून २८ टक्केच योग्य.

हा नियमसुद्धा तक्त्यात सहज बसतो. तीन रकाने ‘आधी’ किंवा ‘नंतर’ असे आणि चौथ्यात दर जुना की नवा. शक्यता एकूण आठ. तुमच्या सीएंनी आठ ओळी वाचून सही केली की झालं. प्रोग्राममधल्या जर-तरच्या जाळ्यावर त्यांना अशी सही करता आली नसती. तक्त्याचा हाच मोठा फायदा आहे: ज्याला विषय कळतो त्याला तो वाचता येतो.

मंजुरीचा तक्ताही असाच. आपल्या कारखान्यासाठी तो असा दिसू शकेल:

| करासह रक्कम | पीओ | फरक मर्यादेत | पुढे कोणाकडे |
|---|---|---|---|
| २५,००० पर्यंत | आहे | हो | थेट नोंद |
| २५,००१ ते २,००,००० | आहे | हो | खरेदी व्यवस्थापक |
| २,००,००० च्या वर | आहे | हो | खरेदी व्यवस्थापक, मग संचालक |
| कितीही | आहे | नाही | खरेदी विभाग, कारणासह |
| २५,००० पर्यंत | नाही | – | विभागप्रमुख |
| यापैकी काहीच नाही | – | – | अकाउंट्स प्रमुख |

शेवटची ओळ विसरू नका. आपल्याला न सुचलेलं बिल कधी ना कधी येतंच. या तक्त्यात पीओशिवाय आलेलं ४०,००० चं बिल कुठंच बसत नाही, ते शेवटच्या ओळीने माणसाकडे जातं. ती ओळ नसेल तर बिल कुठंतरी गुपचूप पडून राहतं आणि पार्टीचा फोन आल्यावरच कळतं.

एका बिलाला दोन ओळी लागू पडल्या तर कोणती धरायची, तेही आधीच ठरवा. सर्वात सोपं म्हणजे एका बिलाला एकच ओळ लागेल असा तक्ता बनवायचा. असे तक्ते लिहिण्याची डीएमएन नावाची प्रमाण पद्धत आहे आणि कॅमुंडासारखी साधनं ती थेट चालवतात. तुमच्या साधनात ती नसेल तर साधी शेअर केलेली शीट किंवा डेटाबेसमधलं एक टेबल पुरेसं आहे.

पायरी ४: माणसाचं नाव लिहू नका, जबाबदारी लिहा

फ्लोमध्ये कुणाचा ईमेल आयडी थेट घातला की त्या माणसाने नोकरी बदलल्याच्या दिवशी सिस्टीम अडली म्हणून समजा. ‘खरेदी व्यवस्थापक’ ही भूमिका लिहा, आणि आज ती कोणाकडे आहे ते वेगळ्या तक्त्यात, पुन्हा तारखांसह. रजेवर जाताना बदली माणूस नेमण्याची सोय त्या व्यक्तीला स्वतःला द्या. त्यासाठी आयटीला मेल करावा लागत असेल तर लोक करत नाहीत, पासवर्ड देऊन मोकळे होतात, आणि ते फार वाईट.

दोन कामाचे दिवस उत्तर आलं नाही तर बिल वरच्याकडे जावं, हेही इथंच ठरतं. पण ‘कामाचा दिवस’ म्हणजे काय ते कारखान्याला विचारा. पुणे परिसरातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. साधनातलं तयार कॅलेंडर मात्र शनिवार-रविवार सुट्टी धरून चालतं. मग गुरुवारी बंद कारखान्यातल्या माणसाला रिमाइंडर जातात आणि रविवारी, काम चालू असताना, घड्याळ थांबलेलं असतं. गणपती आणि दिवाळीच्या सुट्ट्यांसकट सुट्ट्यांचा तक्ता दरवर्षी एचआरने भरावा.

पायरी ५: अपवादाला उघड वाट द्या

स्टीलच्या बारची खेप आली. बिलात वजन ५,०२० किलो, आपल्या काट्यावर ५,००६. चौदा किलोंचा फरक, म्हणजे ०.२८ टक्के. दोन काट्यांमध्ये इतका फरक पडतोच, आणि यासाठी बिल अडवलं तर दर आठवड्याला स्टीलची सगळी बिलं अडतील. म्हणून वजनावर येणाऱ्या मालासाठी, समजा, अर्धा टक्का फरक चालेल आणि पैसे आपल्या काट्याप्रमाणे द्यायचे, असं पार्टीशी आधी ठरवून तक्त्यात लिहा. नगावर येणाऱ्या मालाला मात्र हीच सूट देऊ नका. बेअरिंग शंभर म्हणजे शंभरच. किती फरक चालेल ते मालाच्या प्रकारानुसार ठरतं, सगळ्याला एकच टक्केवारी लावली की एकीकडे नुसती अडवणूक होते आणि दुसरीकडे गळती.

मर्यादेबाहेरच्या बिलांसाठी तीन बटणं पुरतात: परत पाठवा, थांबवून ठेवा, कारण देऊन पुढे न्या. कारण मोकळ्या चौकटीत लिहायला लावू नका, तिथं सगळे ‘ओके’ लिहितात. आठ-दहा ठरलेल्या कारणांची यादी द्या आणि शेवटी ‘इतर’ ठेवा.

महिन्याच्या शेवटी ही कारणं मोजा. ‘ब्रेकडाउन खरेदी, पीओ नंतर’ हे कारण सारखं येत असेल तर लोकांना दम देण्यापेक्षा त्या खरेदीला ठराविक रकमेपर्यंत स्वतःची ओळ द्या. ‘इतर’ फार वाढलं तर यादीत एक कारण कमी आहे. सिस्टीम परिस्थितीप्रमाणे शिकत जाते ती अशी. त्यासाठी अवघड तंत्रज्ञान लागत नाही, महिन्यातून एकदा तासभर बसणारी चार माणसं लागतात.

पायरी ६: जिथं वाकायचं नाही, ती जागा आधीच ठरवा

काही गोष्टींना अपवाद नसावा. अशा गोष्टी तक्त्यात न ठेवता फ्लोमध्येच पक्क्या करा.

पार्टीचं बँक खातं बदलल्याचा ईमेल आला तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय बदल करायचा नाही. कितीही घाई असो, कोणीही सांगो. फसवणूक करणारे नेमकी इथली घाई वापरतात.

बिल चढवणाऱ्याने स्वतः चढवलेलं बिल मंजूर करायचं नाही, बदली माणूस म्हणूनसुद्धा नाही.

एकच बिल दोनदा चढता कामा नये. जीएसटी नियमांप्रमाणे बिल क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात त्या पार्टीपुरता एकमेव असतो. म्हणून पार्टीचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), आर्थिक वर्ष आणि बिल क्रमांक हे तिन्ही जुळलं की थांबवा. जुळवताना मोकळ्या जागा, रेघा आणि सुरुवातीची शून्यं काढून तुलना करा, कारण एकच बिल एकजण ‘००४५’ म्हणून चढवतो आणि दुसरा ‘४५’ म्हणून. अशा ढोबळ तुलनेत क्वचित दोन खरोखर वेगळी बिलंही सारखी दिसतील, तेव्हा माणसाने दोन्ही कागद शेजारी ठेवून बघावे.

पायरी ७: चालू असलेल्या बिलांचं काय?

नियम बदलला त्या दिवशी काही बिलं अर्ध्या वाटेवर असतात. संचालकांच्या मंजुरीची मर्यादा २ लाखांवरून ३ लाखांवर गेली, आणि अडीच लाखांचं एक बिल आधीच त्यांच्याकडे पडून आहे. ते तिथंच राहणार की सुटणार? दोन्ही चालतं, पण प्रत्येक बदलाबरोबर हा निर्णय लिहिलेला हवा. माझा सल्ला असा की मंजुरीची मर्यादा बदलली तर चालू बिलं जुन्याच नियमाने पूर्ण होऊ द्यावीत, म्हणजे कोणाच्या समोरून बिल अचानक गायब होत नाही. कायद्याने आलेल्या बदलात तारीख कायदाच ठरवतो.

आणि प्रत्येक बिलाबरोबर तक्त्यातली कोणती ओळ लागली, ते नोंदवून ठेवा. ऑडिटर विचारतात तेव्हा हेच विचारतात. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरला बंद न करता येणारा एडिट लॉग सक्तीचा आहे, तीच शिस्त आपल्या तक्त्यांनाही लावा: कोणी, कधी, काय बदललं. बदल सुचवणारा एक आणि मान्य करणारा दुसरा.

पायरी ८: बाहेरच्या सिस्टीमशी जोडताना

पोर्टलच्या पडद्यावरची बटणं दाबणारा बॉट बनवणं झटपट होतं, म्हणून नवख्यांना तो मोह पडतो. पोर्टलने पान बदललं की बॉट बंद. एपीआय (दोन सिस्टीमनी थेट माहिती देवाणघेवाण करण्याची सोय) असेल तर ती वापरा, नसेल तर फाइल डाउनलोड करून वाचा, आणि बॉट हा शेवटचा पर्याय ठेवा. बाहेरून येणारी माहिती आधी आपल्या ठरलेल्या रकान्यांत बसवून घ्या, मग फ्लोला द्या. म्हणजे समोरच्याने रकान्याचं नाव बदललं तर एकच जागा दुरुस्त करावी लागते.

पीडीएफ बिलं वाचायला आता एआय चांगलं चालतं आणि पार्टीगणिक वेगळ्या नमुन्यांचा त्रास त्याने खरोखर कमी होतो. त्याला वाचायचं काम द्या, ठरवायचं नको. वाचलेलं गणिताने ताडून बघा. मूळ रक्कम अधिक कर म्हणजे एकूण येते का? जीएसटीआयएन १५ अक्षरी आहे का, पहिले दोन अंक राज्याचे आहेत का (महाराष्ट्र २७, गोवा ३०), शेवटचं तपासणीचं अक्षर जुळतं का? पार्टी २७ ची, माल महाराष्ट्रातच उतरलेला, आणि बिलात राज्यांतर्गत व्यवहाराच्या सीजीएसटी-एसजीएसटीऐवजी आंतरराज्य व्यवहाराचा आयजीएसटी दिसतोय, तर एकतर वाचण्यात चूक आहे किंवा बिलात. दोन्ही वेळा माणसाने बघावं.

पायरी ९: पैशांची मुदत पार्टीप्रमाणे

हे लहान वाटतं, पण चुकलं तर महागात पडतं. नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना किंवा सेवा पुरवठादारांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून, मुदतीत न दिलेल्या रकमेची आयकरातली वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. त्यात १ एप्रिल २०२५ पासून वर्गवारीच्या मर्यादा वाढल्या. लघु उद्योगाची उलाढाल मर्यादा ५० कोटींवरून १०० कोटींवर गेली. त्यामुळे आधी ‘मध्यम’ असलेली पार्टी आता ‘लघु’ असू शकते. उद्यम वर्गही (सूक्ष्म, लघु की मध्यम) पार्टी मास्टरमध्ये, म्हणजे पार्ट्यांच्या माहितीच्या तक्त्यात, तारखेसह ठेवा आणि दर एप्रिलमध्ये नवं प्रमाणपत्र मागवा.

चालू करताना

पायरी १ मधली अडकलेली बिलं आणि त्यात काही सरळ गेलेली, अशी तीसेक बिलं निवडून त्यांची अपेक्षित उत्तरं लिहून ठेवा. तक्त्यात काहीही बदललं की ही सगळी बिलं पुन्हा चालवून बघा. २० सप्टेंबरचं २८ टक्क्यांचं बिल आणि चौदा किलोंच्या फरकाचं बिल या संचात असलंच पाहिजे.

पहिला महिना एकाच प्रकारच्या मालासाठी चालवा, शक्यतो पॅकिंगसारख्या बिनधोक मालासाठी, आणि जुनी पद्धत समांतर ठेवा. स्टील आणि जॉबवर्क (आपल्या मालावर बाहेरून करून घेतलेलं काम) शेवटी घ्या. जॉबवर्कमध्ये माल आपला, चलन वेगळं, परत येणारं वजन वेगळं आणि स्क्रॅपचा हिशोब निराळा असतो. त्याला स्वतःचा तक्ता लागेल, तो खरेदीच्या तक्त्यात कोंबू नका.

तीन महिन्यांनी दोन आकडे काढा. तक्त्यातले किती बदल डेव्हलपरशिवाय झाले, आणि बदल ठरल्यापासून चालू होईपर्यंत सरासरी किती दिवस गेले. एखादा बदल पुन्हा पुन्हा डेव्हलपरकडे जात असेल, तर तो कशाचा आहे ते बघा आणि पायरी २ च्या कागदावर त्याला रेघेच्या उजवीकडे आणा.